डावीकडचं टेबल

आमच्या कॉलेजात एकच वर्ग असा आहे, जिथं शिरताना चपला बाहेर काढतात. नियम कुणी केलेला नाही, पाटी लावलेली नाही. उद्घाटनाच्या दिवशी दारात रांगोळी होती, आत समई लावायची होती, नारळ फोडायचा होता, म्हणून पाहुण्यांनी बूट काढले आणि मागोमाग सगळ्यांनी काढले. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं आली ती दाराशीच थबकली. आतली फरशी इतकी चकचकीत, की वरचे दिवे खाली दिसत होते. काल जिथं अनवाणी गेलो तिथं आज चपला घालून पहिलं पाऊल कुणी टाकायचं? कुणीच टाकलं नाही. प्राचार्य येऊन म्हणाले, "अरे, वर्ग आहे तो. चपला घालून जा." पोरं "व्हय सर" म्हणाली आणि अनवाणीच आत गेली. सरांनी एकदा फरशीकडं बघितलं, एकदा स्वतःच्या बुटांकडं, आणि तेही दारातूनच परत फिरले.

माझ्या नोकरीचं शेवटचं वर्ष मी त्या वर्गात शिकवलं. विषय भूगोल. निवृत्त होऊन आता दोन वर्षं झाली. मागच्या महिन्यात एका कागदावर सही करायला कॉलेजात गेले होते, तेव्हा पाय आपोआप तिकडं वळले. बाहेर चपला ओळीनं लावलेल्या होत्या. आत माझ्या जागी आलेले तरुण सर शिकवत होते. एका मुलीनं पेनानं टेबलावर दोनदा टकटक केलं आणि मग बोलायला लागली. थोड्या वेळानं दुसऱ्या टेबलावरून टकटक झाली आणि एक मुलगा बोलला. तास सुटल्यावर मी सरांना विचारलं, "हे काय?" ते हसून म्हणाले, "कुणास ठाऊक मॅडम. मी आलो तेव्हापासून असंच आहे. या वर्गाची पद्धत आहे म्हणतात."

ती पद्धत माझ्यामुळं पडली. कशी पडली ते त्यांना व्हरांड्यात उभ्या उभ्या सांगता येण्यासारखं नव्हतं, म्हणून इथं लिहिते.

या वर्गाच्या जागी पूर्वी सात नंबरची खोली होती. अठ्ठावीस वर्षं मी तिथं उभी राहिले. लांब बाकांच्या दोन रांगा, एक मुलींची आणि एक मुलांची. समोर काळा फळा आणि फळ्याच्या पायाशी वीतभर उंचीचा लाकडी चौथरा. त्या चौथऱ्यावर चढलं की माझा आवाज आपोआप बदलायचा. "लिहा," मी म्हणायचे, आणि पन्नास-साठ माना एकदम खाली जायच्या. बालाघाटच्या डोंगररांगा, अवर्षणप्रवण प्रदेश, जमिनीचे प्रकार, सगळं मला तोंडपाठ होतं. चौथऱ्याची दाराकडची एक फळी सैल होती. तिच्यावर कुणी पाय ठेवला की मला पाठमोरीलासुद्धा तळव्यातून कळायचं. मग मी वळून न बघताच म्हणायचे, "उशीर का?" पोरांना वाटायचं, मॅडमना पाठीलाही डोळे आहेत.

माझा राग कॉलेजभर प्रसिद्ध होता. पोरं माघारी मला काय म्हणायची ते मला ठाऊक आहे, पण ते मी लिहिणार नाही. मला वाटायचं, धाक आहे म्हणून तर शिस्त आहे. सात नंबरमध्ये टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता असायची. निदान मला तसं वाटायचं.

मग एकदा प्राचार्य पुण्याहून कसलंसं प्रशिक्षण घेऊन आले आणि म्हणाले, आता शिक्षकानं बोलायचं आणि पोरांनी लिहायचं हे जुनं झालं. पोरांनी गटात बसायचं, चर्चा करायची, एकमेकांना शिकवायचं. शिक्षकानं फक्त फिरायचं. मी म्हणाले, "सर, आपल्या पोरांना चर्चा करायला सांगितली की ती गावच्या निवडणुकीची करतात." सगळे हसले, पण उन्हाळ्याच्या सुट्टीत सात नंबर फोडायला घेतलाच. चौथरा पहारीनं उचकटला त्या दिवशी मी मुद्दाम तिकडं गेले नाही. जूनमध्ये आले तेव्हा त्याच्या फळ्या दिसल्या. उद्घाटनानंतर चपलांचा ढीग पडायला लागला, म्हणून शिपायानं त्या फळ्यांची तीन कप्प्यांची मांडणी करून दाराबाहेर ठेवली होती. ज्या फळ्यांवर मी अठ्ठावीस वर्षं उभी राहिले, त्यांच्यावर आता पोरांच्या चपला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण करणार काय? मीही माझ्या चपला काढून वरच्या कप्प्यात ठेवल्या आणि आत गेले.

आत सहा मोठी टेबलं होती, गोल, चाकांवर फिरणारी. खुर्च्यांनाही चाकं. चारही भिंतींवर लिहिता येईल असे पांढरे फळे, वर एसी. मी कुठं उभं राहायचं तेच कळेना, कारण त्या वर्गाला पुढची बाजूच नव्हती. जिकडं तोंड करावं तिकडं पोरं आणि पाठीशीही पोरं. पहिल्या दिवशी मी भिंतीला टेकून "लिहा" म्हणाले. कुणीच लिहिलं नाही, कारण अर्ध्या पोरांना मी दिसतच नव्हते.

पण खोटं कशाला बोलू, थोड्या दिवसांनी मला त्यातली एक गोष्ट आवडायला लागली. तालुक्याचा मोठा नकाशा टेबलावर पसरला की सहा-सात डोकी त्याच्यावर वाकायची. "हे बघ आमचं गाव." "आन् हे आमचं शिवार." "रस्ता चुकीचा दावलाय की रं यात!" एकाच परातीभोवती जेवायला बसावं तशी ती पोरं नकाशाभोवती बसायची. जुन्या वर्गात मी नकाशा भिंतीवर टांगायचे आणि छडीनं दाखवायचे. त्यावर कधी कुणी बोट ठेवलं नव्हतं.

अडचण एकच होती. मला त्या वर्गात थकायला व्हायचं. सहा टेबलांवरून एकदम आवाज उठायचा, वर एसीची घरघर, आणि कोण कुठून बोलतंय ते मला कळायचंच नाही. पोरं अनवाणी असायची, त्यामुळं कुणी जवळ आलेलंही कळत नसे. अचानक डाव्या खांद्याशी कुणीतरी उभं दिसायचं आणि मी दचकून खेकसायचे, "भुतासारखे काय येता रे!" घरी जाऊन मी मिस्टरांना सांगायचे, "वर्ग नाही, आठवडी बाजार आहे नुसता. इतक्या गोंगाटात कुणाला ऐकू येणार?"

आमचे हे एसटीत कंडक्टर होते, माझ्या आधी दोन वर्षं निवृत्त झालेले. त्यांचा आवाज अजून भरल्या गाडीत शेवटच्या सीटपर्यंत पोचवायचा असावा तसा आहे. घरात त्यांनी चहा मागितला तर शेजारची बाई आपल्या गॅसवर आधण ठेवेल. आणि एक सवय अशी, की बोलण्याआधी ते चमच्यानं पेल्यावर टकटक करत. गाडीत दांडीवर पंच वाजवून "बोला, तिकीट" म्हणायची सवय, ती घरी आणली, असं मी समजून चालले होते. आणि त्या सवयीवर मी वैतागायचे.

आता त्या दिवसाबद्दल लिहिते.

तिसऱ्या वर्षाचा तास होता. प्रत्येक टेबलाला मी एकच प्रश्न दिला होता: आपापल्या गावचा ओढा नकाशात शोधा आणि तो पुढं कुठं जातो ते सांगा. आमचा भाग डोंगरमाथ्याचा. काही गावांचं पाणी सीनेकडं उतरतं, काहींचं मांजरेकडं. पोरांनी तेवढं सांगावं, एवढीच माझी अपेक्षा होती.

माझ्या डावीकडच्या टेबलावर एक मुलगी होती. रोज एसटीनं यायची, पुढच्या बाकावर बसून वही भरणाऱ्यांपैकी नव्हे, पण नजर मोठी चौकस. तिचे वडील गावात शिवणकाम करायचे. घरात बारावीच्या पुढं शिकणारी ती पहिलीच. मला ती तिच्या चपलांवरून जास्त आठवते. तपकिरी रंगाच्या, उजव्या चपलेचा अंगठा तुटलेला आणि तो निळ्या दोऱ्यानं इतका नेटका शिवलेला, की शिवणारा शिंपीच असणार हे उघड होतं. त्या ती नेहमी सगळ्यात खालच्या कप्प्यात, कडेला ठेवायची. त्या कप्प्याची फळी म्हणजे चौथऱ्याची तीच सैल फळी.

मी तिला विचारलं, "तुझ्या गावचा ओढा कुठं जातो?"

ती नकाशावर वाकलेली होती. ओढ्याच्या निळ्या रेघेवर तिचं बोट होतं. तिनं मान वर केली नाही. मी पुन्हा विचारलं. बोट रेघेवरून थोडं पुढं सरकलं, बाकी काही नाही. तिसऱ्यांदा मी जरा मोठ्यानं विचारलं. टेबलावरची बाकीची पोरं एकमेकांकडं बघायला लागली. एकानं ओठ दाबले. मला वाटलं, हे मला हसतायत. मला या वर्गात अडाणी ठरवतायत.

"तोंडात मिठाची गुळणी धरलीय का?" मी ओरडले. "तीनदा विचारलं. एक शब्द नाही! शिक्षक विचारतोय याची काही किंमत? चल, बाहेर हो. उत्तर देता येईल तेव्हाच आत ये."

आता तिनं मान वर केली. तिचे ओठ हलले, डोळे भरून आले, आणि मग तिनं ओठ घट्ट मिटले. ती उठली. दाराबाहेर जाऊन तिनं खालच्या कप्प्यातून चपला काढल्या. शिवलेल्या अंगठ्यात पाय लवकर जाईना. ती दारातच वाकून उभी होती, सगळ्यांच्या देखत, आणि मी तेवढा वेळही तिला दिला नाही. "लवकर," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी खालच्या कप्प्यातली ती जागा रिकामी होती. तिसऱ्या दिवशीही आणि चौथ्या दिवशीही. मी हजेरी घेताना तिचा नंबर झपकन पुढं ढकलायचे. पण येता-जाता नजर त्या कप्प्याकडं जायची आणि मला स्वतःचाच राग यायचा.

चौथ्या दिवशी तास सुटल्यावर तिच्या टेबलावरचा एक मुलगा मागं थांबला. माझ्यासमोर येऊन उभा राहिला, जरा उजवीकडं. पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत म्हणाला, "मॅडम, राग येऊ देऊ नका. तिनं सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं?"

"उत्तर. तिन्ही बारीला सांगितलं. आमी सगळ्यांनी ऐकलं." तो थांबला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "दुसऱ्या वर्गातली पोरं म्हणत्यात, मॅडमला ती आवडत न्हाय म्हणून मुद्दाम केलं."

मुद्दाम! अठ्ठावीस वर्षांत मी रागावले असेन, ओरडले असेन, पण असा दुजाभाव कधी कुणाशी केला नव्हता. आणि तिनं सांगितलं असेल, तर मला का ऐकू आलं नाही?

दुपारी जेवायला बसलो होतो. माझं ताटात लक्ष नव्हतं. पेल्यावर टकटक झाली. मी भडकले, "सारखं काय वाजवताय? तोंडानं बोलता येत नाही का?"

ह्यांनी तोंडातला घास गिळला. मग सावकाश म्हणाले, "आगं, तिसऱ्यांदा इचारतोय. भाकरी देऊ का अजून?"

ते माझ्या डावीकडं बसले होते. नेहमी तिथंच बसतात.

मी विचारलं, "कधीपासून?"

"चार-पाच वर्षं झाली असतील. हळूहळू वाढलंय." त्यांनी पेला बाजूला सरकवला. "म्हणून तर वाजवतो. वाजवलं की तू वळून बघतीस, मग बोललेलं कळतं तुला."

"मग सांगितलं का नाही मला?"

"तुला कोण सांगणार?" ते म्हणाले. चेष्टेनं नाही, अगदी सरळ म्हणाले. "एकदा म्हणलो होतो, धाराशिवला कानाच्या डॉक्टरला दाखवू. आठ दिवस बोलली न्हाईस माझ्याशी."

खरंच, मला ते आठवलं. मी म्हणाले होते, मला म्हातारी ठरवायची घाई झालीय तुम्हाला.

जेवण झाल्यावर आम्ही एक गंमत केली, म्हणजे गंमत म्हणून सुरू केली. मी भिंतीकडं तोंड करून उभी राहिले आणि हे मागून आपल्या जुन्या रूटचे थांबे म्हणायला लागले, साध्या आवाजात, एसटीच्या आवाजात नाही. उजवीकडून सगळे थांबे आले: भूम, वालवड, पाथरूड, ईट. मग ते डावीकडं गेले. भूम आलं. वालवड आलं न आल्यासारखं. मग मी वाट बघत राहिले. मला वाटलं, ते थांबलेत. वळून बघते तर ते म्हणतच होते, ओठ हलत होते, आणि डोळ्यांत पाणी होतं. त्यांची गाडी पुढं गेली होती आणि मी वालवडलाच राहिले होते.

त्या दुपारी मला एक गोष्ट कळली, आणि ती कळल्याचं दुःख कान गेल्याच्या दुःखापेक्षा मोठं होतं. चार-पाच वर्षं मला ऐकू येत नव्हतं आणि सात नंबरच्या खोलीत ते मला कळलंसुद्धा नाही. कारण त्या खोलीत मला ऐकावं लागतच नव्हतं. मी बोलायचे, ती लिहायची. टाचणी पडल्याची ती शांतता, किती खरी होती आणि किती माझ्या कानाची होती, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आम्ही दोघं एसटीनं तिच्या गावी गेलो. कंडक्टरला घर विचारायची गरज पडली नाही. आमच्या ह्यांना त्या रस्त्यावरचा प्रत्येक शिंपी, न्हावी आणि पोस्टमन ठाऊक. ओसरीवर शिवणाचं यंत्र होतं आणि तिचे वडील त्यावर कुणाचातरी झब्बा शिवत होते. मला बघून ते गडबडीनं उठले, खुर्ची पुसली, आत हाक मारली, "बेटा, पानी ला. मॅडम आईं!"

मी काही बोलायच्या आधीच ते हात जोडून म्हणाले, "मॅडम, तुमी कशाला तरास घेतला? म्या तिला लई बोललो. म्हणती, तीनदा सांगितलं, मॅडमनं ऐकलंच न्हाय. म्या म्हणलो, मॅडम खोटं कशाला बोलताल? तूच खोटं बोलतीस. चार दिवस झाले, माझ्याशी बोलत न्हाय ती."

मी तिला वर्गाबाहेर काढलं होतं, ते एक. पण माझ्या शब्दाखातर बापानं पोरीला खोटं ठरवलं होतं.

"ती खरं बोलतीय," मी म्हणाले. "मला डाव्या कानानं ऐकू येत नाही."

ते वाक्य मी जन्मात पहिल्यांदा उच्चारलं. तिच्या वडिलांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग आतल्या दाराकडं. दारात ती पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. ते तिच्याकडं बघून हळूच म्हणाले, "गलती हुई मेरी, बेटा." आणि डोळे पुसायला त्यांनी गळ्यातली टेप वर घेतली.

मला वाटलं, आता ती रडेल, पाया पडेल, आणि सगळं सुरळीत होईल. तिनं तांब्या माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "मॅडम, तुमी वर्गात बोलला होता. वर्गातच सांगा."

"ए, असं बोलत्यात का मॅडमला?" वडील कासावीस झाले.

माझाही राग उसळला होता, नाही म्हणत नाही. इतक्या लांब मी आले, पोरीच्या बापासमोर मान खाली घातली, आणि हिचा तोरा बघा! पण पाण्याचा घोट घेता घेता तो उतरला. तिच्या जागी मी असते, तर मी तांब्यासुद्धा दिला नसता. "सांगते," मी म्हणाले. "उद्याच. तू ये."

ती "येते" म्हणाली नाही.

येताना एसटीत हे माझ्या उजवीकडं बसले. न सांगता.

सोमवारी मी लवकर गेले. पोरं येत होती, कप्पे भरत होते, खालच्या कप्प्याची कडेची जागा रिकामीच. तासाची घंटा झाली. मी वर्गाच्या मधोमध उभी राहिले. ती नसताना सांगावं का? सांगितलं तर माझ्यापुरतं काम झालं असतं, पण तिच्यापुरतं काय? हातातला खडू, म्हणजे तो पेनसारखा मार्कर, मी उगीच उघडत-झाकत होते. अशात पोरं दाराकडं बघायला लागली म्हणून मीही बघितलं.

ती आली होती. एसटी उशिरा आली असावी, तिला धाप लागली होती. पण ती आत आली नाही. उंबऱ्याच्या आत एक पाऊल, बाहेर एक, आणि दोन्ही पायांत चपला. त्या वर्गात चपला घालून आजवर कुणी उभं राहिलं नव्हतं. शिवलेला निळा दोरा मला लांबूनही दिसत होता.

"बसा सगळे," मी म्हणाले, जरी सगळे बसलेलेच होते. "मला डाव्या कानानं ऐकू येत नाही. कधीपासून ते मलाही माहीत नव्हतं. या मुलीनं त्या दिवशी मला तीनदा उत्तर दिलं. मला ऐकू आलं नाही आणि मी तिला सगळ्यांसमोर बाहेर काढलं. तिची काही चूक नव्हती. माझी होती. मी तिची माफी मागते, आणि मागायची ती सगळ्यांसमोरच मागते."

मग तोच मुलगा, आज उजवीकडच्या टेबलावर बसलेला, म्हणाला, "मॅडम, आमाला म्हाईत हाय."

"काय माहीत आहे?"

"तुमाला त्या अंगानं ऐकू येत न्हाय ते. पहिल्या महिन्यातच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

एक मुलगी चाचरत म्हणाली, "तुमाला कोण सांगणार, मॅडम?"

तेच शब्द. घरात तेच, वर्गात तेच. मला हसू आलं. मी म्हणाले, "आमच्या घरी माणसं बोलायच्या आधी पेला वाजवतात. तुम्ही टेबल वाजवा. दोनदा. मी वळेन, मग बोला. आणि मी ओरडले तर पुन्हा वाजवा."

मी दाराकडं बघितलं. ती वाकली होती. तिनं दोन्ही चपला काढल्या, बाहेर जाऊन खालच्या कप्प्यात कडेला ठेवल्या आणि आत येऊन आपल्या टेबलाशी, माझ्या डावीकडच्याच टेबलाशी बसली. नकाशा पसरलेलाच होता. कुणीही काही सांगितलं नव्हतं, तरी मला कळत होतं की आता सगळा वर्ग कशाची वाट बघतोय.

"तुझ्या गावचा ओढा कुठं जातो?" मी विचारलं.

टकटक झाली. मी तिच्याकडं वळले.

"कुठंच जात न्हाय, मॅडम," ती माझ्याकडं बघत म्हणाली. "नकाशात सीनेला मिळतो असं दावलंय. पण गावाखाली वाळू हाय, तिथंच मुरतो. पुढं नुसती रेघ."

माझ्या अठ्ठावीस वर्षांच्या नोट्समध्ये हे वाक्य नव्हतं. मी ते कधी कुणाला लिहून दिलं नव्हतं, कारण मला ते माहीतच नव्हतं. आणि हे उत्तर तिनं मला तीनदा दिलं होतं.

"पुन्हा सांग," मी म्हणाले. "तीनदा सांगितलं होतंस ना? मला तिन्ही ऐकायचीत."

वर्ग हसला. तिनं दुसऱ्यांदा सांगितलं, मोठ्यानं, पहिल्यापेक्षा जरा तिखट. मी ते पांढऱ्या भिंतीवर जसंच्या तसं लिहून काढलं. तिसऱ्या वेळी ती उठली. अनवाणी, पावलांचा आवाज न करता माझ्या डाव्या बाजूला आली, कानाशी वाकली आणि अगदी हळू काहीतरी बोलली. मग मागं होऊन माझ्या तोंडाकडं बघत तिनं विचारलं, "आलं का ऐकू, मॅडम?"

सगळा वर्ग माझ्याकडं बघत होता. इतकी वर्षं असं कुणी विचारलं असतं, तर मी "हो" म्हणून मोकळी झाले असते.

"नाही," मी म्हणाले. "काहीच नाही आलं."

ती पहिल्यांदा हसली. मग टेबलाला वळसा घालून ती माझ्या उजवीकडं आली.